इंडक्शन कुकर: खाली एक ओव्हन की दोन?

इंडक्शन कुकर म्हणजे वर इंडक्शन शेगडी आणि खाली ओव्हन असं एकच उपकरण. ओव्हन एकेरी असो वा दुहेरी, वरची शेगडी दोन्हींत सारखीच. भांड्याच्या बुडाला लोहचुंबक घट्ट चिकटला तर ते चालतं. नुसत्या ॲल्युमिनियमचं किंवा तांब्याचं बहुधा नाही. फरक आहे तो खाली.

६० सेंटिमीटर रुंदीच्या कुकरमध्ये एकेरी ओव्हन साधारण ७० लिटरचा असतो. पंखा असेल तर दोन-तीन ट्रे एकदम भाजता येतात, उंच भांडंही मावतं. दुहेरीत वरचा कप्पा ३५ ते ४० लिटरचा. तो लवकर तापतो, म्हणून एका ट्रेसाठी वीज कमी लागते. शिवाय खाली पाव २२० अंशांवर आणि वर बिस्किटं १६० वर, हे एकाच वेळी जमतं. रोज एकच ट्रे भाजणाऱ्यांना दुहेरीच सोयीचा.

त्रास मात्र आहेत. वरच्या कप्प्यात ग्रिलची कॉइल इतकी जवळ असते की फुगणारा केक वरून करपतो आणि आत कच्चा राहतो. जाळी सर्वांत खाली लावा, तापमान १० ते २० अंशांनी उतरवा. खालचा कप्पा जवळजवळ जमिनीलगत. जड, गरम ट्रे वाकून काढायचा म्हणजे कंबरेची परीक्षाच!

विजेचा भार हा सर्वांत दुर्लक्षित मुद्दा. चार झोनची शेगडीच ७ किलोवॅटपर्यंत जाते. दोन्ही ओव्हन धरले तर एकूण १० च्या वर. स्वतंत्र, पुरेशा जाडीची वायर नसेल तर एमसीबी पडत राहणार. भाजून झाल्यावर आतला कूलिंग पंखा काही वेळ फिरतो, तोवर मुख्य बटण बंद करू नका.