क्रिस्टल सोडवताना: आम्ही जातो त्या व्यसनमुक्ती केंद्राविषयी

जूनपासून आम्ही माझ्या धाकट्या भावाला या केंद्रात नेतोय. उपचार अजून चालू आहेत, म्हणून नाव लिहीत नाही. हर्णैहून पहाटेची एसटी धरली की अकराच्या सुमारास पोचतो. पाचपैकी चार तारे देते.

गोव्यात हॉटेलात रात्रपाळी करताना त्याला क्रिस्टल लागलं, म्हणजे मेथ (मेथॅम्फेटामिन), झोप उडवणारं नशेचं द्रव्य. घरी आला तेव्हा तीन-तीन रात्री जागा, दारामागे कोण उभं आहे म्हणून कोयता उशाशी. वाडीतल्यांनी बाहेरचं बघायला सांगितलं, तेही केलं, देवाला गाऱ्हाणं घातलं. मग दुसऱ्या एका ठिकाणी ठेवला. तिथे दारूवाल्यांबरोबर महिनाभर कोंडला आणि सोडला. नवव्या दिवशी पुन्हा सुरू.

इथे डॉक्टरांचा पहिला प्रश्न त्यालाच होता, "नक्की काय घेतोस? क्रिस्टल की एमडी?" आम्हाला दोन्ही एकच वाटायचं. एमडी म्हणजे मेफेड्रोन, ते वेगळं, आणि लघवीत मेथ आहे का ते तपासायच्या पट्टीवर ते बहुधा दिसतच नाही.

सुरुवातीचे आठ दिवस तो नुसता झोपला आणि उठला की भात मागत राहिला. मला वाटलं, सुटला. डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं की खरं कठीण पुढे आहे. मेथ मेंदूतलं डोपामिन, म्हणजे गोडी-उत्साह जाणवून देणारं रसायन, एकदम बाहेर ओतायला लावतं, ती व्यवस्थाच थकते, आणि सावरायला वर्षही लागू शकतं. तोवर कशातच गोडी नाही. जिवाचं काही बरंवाईट करण्याचे विचार येऊ शकतात, एकटा सोडू नका. गणपतीत आरती चालू असताना तो पडवीत भिंतीकडे तोंड करून बसला होता. हे ऐकलं नसतं तर मी त्याच्यावर ओरडले असते. मी ताट घेऊन बाजूला बसले.

कोणीतरी टपलंय या त्याच्या संशयासाठी काही दिवस गोळ्या दिल्या. पण मेथची ओढ थांबवणारं मान्यताप्राप्त औषध अजून नाही, हे त्यांनी सरळ सांगितलं, महागडं पाकीट हातात ठेवलं नाही. मुख्य उपचार म्हणजे दर आठवड्याला समुपदेशन, घरच्यांना धरून, आणि बक्षिसाची पद्धत. मेथ लघवीत तीन-चार दिवस सापडतं, म्हणून सोमवारी आणि गुरुवारी पट्टी. स्वच्छ निघाली की लगेच 50 रुपये, पुढच्या प्रत्येक वेळी 10 वाढवायचे, चुकलं की परत 50 वर. पैसे घरचेच. व्यसनाला पैसे का द्यायचे, म्हणून बाबा चिडले. समुपदेशक ताईंनी त्यांना तासभर समजावलं की हे न घेतल्याचे पैसे आहेत, आणि मेंदूला ताबडतोब मिळणारं काहीतरी लागतं.

एकदा पट्टी खराब आली. आम्ही त्याच्यावर तुटून पडणार, एवढ्यात डॉक्टरांनी विचारलं, सर्दीची गोळी घेतलीस का? घेतली होती. त्यातल्या स्यूडोएफेड्रिनने पट्टी फसू शकते. प्रयोगशाळेत नमुना पाठवला, तो स्वच्छ निघाला. त्या दिवसापासून त्याचा डॉक्टरांवर विश्वास बसला.

एक तारा का कापला तेही सांगते. गर्दीत नाव मोठ्याने पुकारतात, आपल्याकडे कोण कुणाच्या ओळखीचा निघेल याचा नेम नाही. आणि संध्याकाळी सहानंतर फोन कोणी उचलत नाही. सप्टेंबरात तो पुन्हा घसरला, रात्री दीडला आम्हालाच वैरी समजू लागला, आणि केंद्राचा फोन नुसता वाजत राहिला. शेवटी टेली-मानसला, म्हणजे मानसिक त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनला, 14416 वर फोन लावला. तिथल्या बाई मराठीत बोलल्या, उजाडेपर्यंत काय करायचं, काय नाही ते सांगितलं. हा नंबर केंद्राने पहिल्याच दिवशी लिहून द्यायला हवा होता.

सकाळी गेलो तेव्हा मात्र कोणी त्याला टाकून बोललं नाही. रक्कम 50 वर आली आणि सोमवार-गुरुवार पुन्हा सुरू झाला. या गुरुवारी ती 190 झाली. साठलेल्या पैशांतून त्याने जाळ्याचा दोरा आणला, आणि काल लिलावाच्या वेळी टोपल्या उचलायला माझ्याबरोबर बंदरावर आला. मी बोलावलं नव्हतं.