व्हीजीए पोर्ट दिसलं तेव्हाच कार्ड परत ठेवायला हवं होतं

आमची मुलगी ॲनिमेशनचा कोर्स करते. घरचा पीसी म्हणजे एका ऑफिसातून निघालेला ब्रँडेड, सेकंडहँड डेस्कटॉप. एडिटिंग करताना तो फार अडखळायला लागला, म्हणून ग्राफिक्स कार्ड टाकायचं ठरलं. नवं घेण्याएवढं बजेट नव्हतं. एका शनिवारी मी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला, कॉम्प्युटरच्या बाजारात, गेलो आणि ६,५५० रुपये देऊन जे घरी आणलं, त्यातलं काहीच उपयोगाचं निघालं नाही. सगळा रस्ता वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. पूर्वी तिथूनच घेतलेली रॅम आणि हार्ड डिस्क आजही चालू आहे. पण हा प्रकार दुसऱ्या कुणाच्या वाट्याला येऊ नये म्हणून सविस्तर लिहितोय.

मला एनव्हिडिया कंपनीच्या चिपचं जीटीएक्स १०५० टीआय, ४ जीबी मेमरीचं कार्ड हवं होतं. जुनं असलं तरी चालणार होतं. पीसीचा फोटो मोबाइलवर दाखवला तर दुकानदाराने नीट पाहिलाही नाही. ‘अंकल, ये सब में चलता है, प्लग अँड प्ले.’ कार्डाचे ४,८०० सांगितले. मागे एचडीएमआय, डीव्हीआय आणि निळं व्हीजीए पोर्ट. आमचा मॉनिटर जुना, व्हीजीएचाच. वेगळा कन्व्हर्टर घ्यावा लागणार नाही याचा मला आनंद झाला, आणि त्या आनंदात मी पुढे काही विचारलंच नाही.

कार्डाला ६ पिनांचा पॉवर कनेक्टर होता. तसा कनेक्टर आमच्या एसएमपीएसला (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याला) नाही म्हटल्यावर त्याने ४५० वॅटचा एसएमपीएस १,६०० ला गळ्यात मारला, वर ‘अडचण आली तर’ म्हणून साटामधून, म्हणजे हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या प्लगमधून, ६ पिन काढणारी वायर १५० ला. बिल मागितलं तर कोऱ्या चिठ्ठीवर ‘ग्रा. कार्ड ४ जीबी’ एवढंच लिहून दिलं. शिवाय बजावलं, ‘ड्रायव्हर सीडीवालाच टाका, नेटवरचा नको.’

घरी कॅबिनेट उघडलं तर नव्या एसएमपीएसचा प्लग २४ पिनांचा आणि आमच्या मदरबोर्डवर जागा ८ पिनांची. ऑफिसच्या ब्रँडेड पीसीत असं बऱ्याचदा असतं, हे मला तेव्हा कळलं. फोन केला तर म्हणाला, जुन्याच एसएमपीएसला ती साटाची वायर लावा, चालेल. लावली. विंडोजमध्ये नाव बरोबर आलं, मेमरी ४ जीबी दाखवली. मुलगी खूश झाली. पण तिने प्रोजेक्ट उघडून टाइमलाइन हलवली की स्क्रीनवर हिरवे-जांभळे चौकोन यायचे आणि पीसी बंद पडायचा. तिसऱ्या दिवशी जळका वास आला. साटाच्या प्लगचं काळं प्लॅस्टिक एका बाजूने वितळून पिनांना चिकटलं होतं. साटाचा प्लग १२ व्होल्टवर जेमतेम ५४ वॅट देण्यासाठी बनवलेला असतो, ६ पिनांचा कनेक्टर ७५ वॅटपर्यंत ओढू शकतो. मुलगी रात्री एकटीच त्या पीसीवर बसायची. पैशांपेक्षा मला याचाच जास्त राग आहे.

पुढच्या रविवारी भाचा आला. कॅबिनेटच्या मागे वाकून बघितलं आणि लगेच म्हणाला, ‘मामा, १०५० टीआयला व्हीजीए कसं काय?’ एनव्हिडियाने या १० मालिकेच्या चिपमधून ॲनालॉग आउटपुट, म्हणजे व्हीजीएला लागणारा सिग्नल, काढूनच टाकलं आहे. ज्याचा मला आनंद झाला होता, तेच पोर्ट कार्ड बनावट असल्याची खूण होती. त्याने जीपीयू-झेड नावाचं, कार्डाची खरी माहिती दाखवणारं फुकट सॉफ्टवेअर चालवलं. नावाच्या आधी कंसात ‘फेक’ असं आलं आणि चिप निघाली जीटीएक्स ५५० टीआयची, म्हणजे २०११ सालची. खऱ्या १०५० टीआयमध्ये ७६८ कुडा कोर (चिपमधले गणित करणारे भाग) असतात, याच्यात १९२. कार्डातलं बायॉस (त्यात साठवलेला मूळ प्रोग्रॅम) बदलून विंडोजला खोटं नाव आणि खोटी मेमरी दाखवतात. मुळात मेमरी १ जीबीच, त्यामुळे ती भरली की सगळं कोसळायचं.

आता वाटतं, कार्ड पीसीला बसेल का एवढं जरी मी आधी तपासलं असतं तरी फसवणूक दुकानातच उघडी पडली असती. खऱ्या १०५० टीआयची गरज ७५ वॅटची. तेवढी वीज मदरबोर्डचा स्लॉटच देतो, म्हणून बऱ्याच मॉडेलना वेगळा कनेक्टर नसतोच. कंपनीच्या साइटवरचं स्पेसिफिकेशन पाच मिनिटं वाचलं असतं तरी पोर्ट आणि वॅट दोन्ही जुळत नाहीत हे दिसलं असतं. एसएमपीएसवरचं लेबलही वाचा. वरचा मोठा आकडा सोडा, १२ व्होल्टसमोर किती अँपिअर लिहिलंय ते बघून १२ ने गुणा, म्हणजे खरे वॅट कळतील. कॅबिनेट उघडून स्लॉटपासून हार्ड डिस्कच्या पिंजऱ्यापर्यंत पट्टीने माप घ्या. पातळ कॅबिनेट असेल तर लो प्रोफाइल, म्हणजे कमी उंचीचं कार्डच लागतं. आणि मदरबोर्डच्या पॉवर प्लगचा फोटो काढून जवळ ठेवा. जुनं कार्ड घेताना जीपीयू-झेड पेनड्राइव्हवर न्या आणि दुकानातच चालवून बघा. दुकानदार नाही म्हणाला तर तिथून निघा.

परत गेलो तर ‘विकलेला माल परत घेत नाही’ हीच पाटी दाखवली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष माल परत घ्यायला नकार देणं आणि बिल न देणं, दोन्ही अनुचित व्यापारी प्रथेत मोडतात. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवस धरतात. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली, तिचा नंबर त्याला दाखवला, तेव्हा एसएमपीएसचे १,६०० मिळाले. कार्डाबाबत मात्र ‘हे आमचं नाहीच’ म्हणून हात वर केले. यूपीआयची पावती आहे, चिठ्ठी आहे. तक्रार चालू ठेवली आहे.

शेजारच्या गल्लीतल्या एकाने त्या कार्डाचे ८०० देऊ केले होते. मी दिलं नाही. तो ते कुणाला, काय सांगून विकेल हे मला ठाऊक आहे. पंख्यावर मार्करने ‘बनावट’ लिहून ते कपाटात ठेवलंय, तक्रारीच्या कागदांसोबत.