कर्जप्रस्ताव तपासण्यासाठी स्कोअरकार्ड की न्यूरल नेटवर्क?

कोल्हापुरातील एका मध्यम आकाराच्या नागरी सहकारी बँकेच्या कर्ज विभागात मी जोखमीचे काम पाहतो. लघुउद्योग आणि व्यापारी कर्जांच्या प्रस्तावांना गुण देण्यासाठी लॉजिस्टिक रिग्रेशन या संख्याशास्त्रीय पद्धतीवर आधारलेले स्कोअरकार्ड (प्रत्येक माहितीला ठरावीक भार देऊन गुणांची बेरीज करणारा तक्ता) ठेवावे की न्यूरल नेटवर्क (जुन्या माहितीतून गुंतागुंतीची नाती स्वतःच शिकणारी संगणकीय प्रणाली) आणावे, हा निर्णय आम्हाला घ्यावा लागला. त्यासाठी आम्ही दोन्ही पद्धती एकाच जुन्या माहितीवर तयार करून काही महिने शेजारी शेजारी चालवून पाहिल्या. हाच प्रश्न ज्यांच्यासमोर आहे, त्यांच्यासाठी हा अनुभव लिहीत आहे.

नेटवर्कची बाजू आधी सांगतो, कारण ती भक्कम आहे. कॅश क्रेडिट खात्यांमध्ये, म्हणजे मंजूर मर्यादेपर्यंत धंद्यासाठी हवी तशी रक्कम काढता-भरता येणाऱ्या कर्जखात्यांमध्ये, त्याची नजर आमच्या स्कोअरकार्डपेक्षा तीक्ष्ण निघाली. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीवाल्याची (ओतकाम कारखानदाराची) मर्यादा सतत भरलेली, म्हणजे पूर्ण वापरलेली, असणे यात वावगे काही नाही, तो धंदाच तसा आहे. स्टॉक स्टेटमेंट, म्हणजे शिल्लक मालाचे विवरण, आठ दिवस उशिरा येणे हेही नेहमीचेच. परंतु मर्यादा भरलेली आहे, स्टेटमेंट उशिरा येत आहे आणि त्याच तिमाहीत खात्यातील जमाही रोडावली आहे, असे तिन्ही एकत्र आले की तो इशारा असतो, आणि हे नाते नेटवर्कने कोणी न सांगता शोधले. स्कोअरकार्डमध्ये असे प्रत्येक नाते आपणच ओळखून हाताने बसवावे लागते, आणि जे आपल्याला सुचत नाही ते त्यात येत नाही.

तरीही प्रस्ताव मंजुरीसाठी मी नेटवर्क बाजूला ठेवले, ते एका त्रासामुळे. एका फाउंड्रीच्या वाढीव कर्जाचा प्रस्ताव सोमवारी नेटवर्कमधून उत्तीर्ण झाला. गुरुवारी कर्ज समितीची बैठक होती आणि त्याआधी आम्ही नव्या तिमाहीची माहिती घालून नेटवर्क पुन्हा शिकवले. फायलीतला एकही कागद बदलला नव्हता, पण निकाल फिरला. समितीच्या अध्यक्षांनी दोन्ही कागद समोर ठेवून विचारले, "साहेब, चार दिवसांत या माणसाचं बिघडलं काय?" त्याचे काहीच बिघडले नव्हते. मी तीच माहिती घेऊन, फक्त सुरुवातीचे यादृच्छिक भार (शिकणे सुरू होताना नेटवर्कमध्ये कसेही भरलेले आकडे) बदलून, नेटवर्क आणखी काही वेळा शिकवले, तेव्हा तो प्रस्ताव कधी उत्तीर्णतेच्या रेषेच्या वर तर कधी खाली गेला.

याचे कारण समजण्यासारखे आहे. आमच्यासारख्या बँकेत बुडीत खाती काही शेकड्यांतच असतात. एवढ्या माहितीवर सरासरीने सारखीच अचूक ठरणारी अनेक नेटवर्क तयार होऊ शकतात आणि ती एखाद्या विशिष्ट कर्जदाराबाबत एकमेकांशी सहमत असतीलच असे नाही. सुरुवातीचे हे भार ज्या आकड्यावरून ठरतात तो कायमचा ठरवून टाकता येतो, पण त्याने मतभेद झाकला जातो, मिटत नाही. दहा नेटवर्कची सरासरी घेतल्यावर चढउतार बराच कमी झाला, हे मान्य केले पाहिजे. परंतु मग कारण सांगणे अधिक अवघड झाले. निकालामागची कारणे काढण्यासाठी आम्ही शॅप (कोणत्या माहितीने निकाल किती हलवला ते मोजणारी पद्धत) वापरले, तर एका नेटवर्कने जामीनदाराचे उत्पन्न पुढे केले आणि दुसऱ्याने उलाढालीतील घट. वडिलांपासून आमच्याकडे खाते असलेला उद्योजक समोर बसून "कमी कुठे पडलो ते सांगा, पूर्ण करतो" म्हणतो, तेव्हा त्याला दोन वेगळी कारणे देता येत नाहीत. कर्जविषयक मॉडेलचे निकाल सुसंगत, समजावता येण्याजोगे आणि पडताळता येण्याजोगे असावेत, ही अपेक्षा रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२४ च्या मसुद्यात मांडली होती. ती वाचताना मला हाच उद्योजक आठवला.

स्कोअरकार्डमध्येही नवी माहिती घातल्यावर गुण हलतात, पण माझ्या अनुभवात ते थोडेच हलले, आणि का हलले ते एका पानावर दाखवता आले. चूकही लवकर सापडते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांमुळे आमच्या माहितीत पूरग्रस्त गावांतील खाती वाईट दिसत होती. स्कोअरकार्डमध्ये पिनकोडचा भार डोळ्यांना दिसला आणि आम्ही तो काढला. नेटवर्कमधूनही पिनकोड काढला, तर त्याने तीच गावे शाखेच्या क्रमांकावरून ओळखली, आणि हे लक्षात यायला आम्हाला बरेच दिवस लागले. मार्च ते ऑगस्ट २०२० या हप्ते स्थगितीच्या काळात थकबाकी नोंदवलीच गेली नव्हती, त्यामुळे त्या महिन्यांबाबत मात्र दोघेही सारखेच आंधळे होते.

एकत्रित जोखमीचा विषय वेगळा आहे आणि तिथे माझे मत इतके ठाम नाही. नियमाने उसाची एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला किमान दर, ऊस दिल्यापासून १४ दिवसांत मिळायला हवी. एखाद्या कारखान्याने ती लांबवली, की ऊस उत्पादक, तोडणी-वाहतूक कंत्राटदार, ट्रॅक्टरचे कर्जदार आणि खत दुकानदार एकाच वेळी मागे पडतात. आमचे स्कोअरकार्ड आणि आमचे साधे नेटवर्क, दोन्ही प्रत्येक कर्जदाराकडे सुटे पाहतात. बँकांमध्येही असेच धागे असतात. २००१ मध्ये अहमदाबादची माधवपुरा मर्कंटाइल बँक अडचणीत आली, तेव्हा तिच्याकडे ठेवी ठेवलेल्या गुजरातमधील अनेक सहकारी बँकांना झळ बसली होती. संबंधांचा आलेख समजणारे नेटवर्क या कामासाठी अधिक योग्य वाटते, आणि मोठ्या बँकेकडे कोण कोणाला पैसे देतो याची पूर्ण माहिती असेल तर तिने ते जरूर करून पाहावे. आमच्याकडे ती तुटक आहे, म्हणून कोणता कर्जदार कोणत्या कारखान्यावर अवलंबून आहे याचा एक रकाना आम्ही अर्जातच वाढवला. तूर्त त्या रकान्याच्या बेरजेने आमचे बरेच काम भागते.

सध्या मंजुरी स्कोअरकार्डवर होते. नेटवर्क महिनाअखेरीस फक्त कॅश क्रेडिट खात्यांवर चालते, आणि दहापैकी बहुतेक नेटवर्क ज्या खात्यावर बोट ठेवतात, तिथे शाखाधिकारी स्वतः जाऊन येतात. नेटवर्क घेण्याचा विचार पक्का असेल, तर करार करण्यापूर्वी विक्रेत्याला आपले जुने शंभर प्रस्ताव द्यावेत, नेटवर्क पाच वेळा नव्याने शिकवायला लावावे आणि ज्यांचा निकाल फिरतो त्या फायलींची यादी मागावी. ती यादी कर्ज समितीसमोर ठेवून प्रत्येक फाइलबद्दल अर्जदाराला काय सांगायचे, हे तिथेच विचारावे.