टॉप्स क्रोमची बेसबॉल कार्डं: अख्खा हंगाम जमवल्यानंतरचा अनुभव

बेसबॉल कार्डांवर पैसे घालावेत का, असं आमच्या न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींत वरचेवर विचारलं जातं. मुलं लिटल लीगमध्ये खेळायला लागली की वाढदिवसाला कार्डांची पाकिटं येतात, आणि हळूहळू आईवडीलही त्यात ओढले जातात. मी २०२५ चा अख्खा हंगाम, अगदी वर्ल्ड सिरीज या अंतिम मालिकेपर्यंत, मुख्यतः २०२४ च्या टॉप्स क्रोमची, म्हणजे टॉप्स कंपनीच्या चकाकत्या मालिकेची, कार्डं जमवली; जोडीला थोडी बोमन क्रोमचीही, ही त्याच कंपनीची उमेदवार खेळाडूंची मालिका. पाकिटांचे बॉक्स फोडले, सुटी कार्डं घेतली, काही ग्रेडिंगला (कोपरे, कडा, पृष्ठभाग तपासून दहापैकी गुण देतात ते) पाठवली, काही विकली. माझं मत आधीच सांगून टाकतो: सुटं कार्ड निवडून घ्या, बॉक्स क्वचितच.

आधी कार्डाबद्दल. अडीच बाय साडेतीन इंचांचा हा तुकडा हातात धरला की साध्या पुठ्ठ्याच्या कार्डापेक्षा जड लागतो आणि चकाकतो. माझ्याकडे एली दे ला क्रूझ या खेळाडूचं ‘रिफ्रॅक्टर’ प्रकारचं कार्ड आहे. समोरून पाहिलं तर बाकीच्या कार्डांसारखंच. दिव्याखाली जरा तिरकं केलं की सगळ्या पृष्ठभागावरून इंद्रधनुष्य सरकतं. खात्री करायची तर उलटं करा, मागे क्रमांकाच्या जवळ बारीक अक्षरात ‘रिफ्रॅक्टर’ असं छापलेलं असतं. हे तंत्र टॉप्सने १९९३ मध्ये आणलं आणि आजच्या संग्राहकांचं सगळं वेड त्याभोवती फिरतं. कडेचा रंग बदलला की प्रती कमी होतात: हिरवी ९९, सोनेरी ५०, नारिंगी २५, लाल फक्त ५ आणि सुपरफ्रॅक्टर एकच. तो आकडा कार्डावरच उमटवलेला असतो.

काही कार्डांवर मात्र आकडा नसतो आणि तरी ती दुर्मिळ असतात. तोच खेळाडू, तोच क्रमांक, पण फोटो वेगळा. अशी कार्डं ओळखण्यासाठी मागच्या बाजूला अगदी तळाशी, कायदेशीर मजकुराच्या ओळींत, एक छोटा कोड असतो. त्याचे शेवटचे आकडे नेहमीच्या कार्डापेक्षा वेगळे असले तर हातात काहीतरी निराळं आहे. भिंग घेऊन बसायची सवय लागली की ढिगातलं कार्डही पाहावंसं वाटतं. मला या छंदातलं सगळ्यात आवडलेलं काम हेच.

आता किमतीचं. १९८० च्या दशकाच्या शेवटी आणि ९० च्या सुरुवातीला कंपन्यांनी इतकी कार्डं छापली की त्या काळातली बहुतेक आजही कवडीमोल आहेत. म्हणून आता टंचाई ठरवून छापली जाते. पण एका खेळाडूची इतक्या रंगांत, इतक्या मालिकांत कार्डं निघतात की ‘५० पैकी एक’ हे शब्द एकटे काहीच सांगत नाहीत. कारखान्याला जे छापता येत नाही, तेच शेवटी टिकतं: खेळाडूची कारकीर्द, आणि ते कार्ड त्या कारकिर्दीच्या किती सुरुवातीचं आहे.

माइक ट्राउटचं उदाहरण घ्या. २००९ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात त्यात, तो पंचविसावा निवडला गेला. त्याच वर्षीचं त्याचं बोमन क्रोमचं सही केलेलं सुपरफ्रॅक्टर २०२० मध्ये ३९ लाख डॉलरहून अधिक किमतीला विकलं गेलं. नियमानुसार ते त्याचं रुकी कार्ड, म्हणजे पदार्पणाचं अधिकृत कार्ड, नाहीच. रुकी कार्ड आहे २०११ च्या टॉप्स अपडेट मालिकेतलं. आरसीचा (रुकी कार्डाचा) शिक्का मोठ्या लीगमध्ये पोहोचल्यावर मिळतो, बोमन मात्र पोरगा शिकाऊ असतानाच त्याला छापतं. आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. त्या कार्डाला ग्रेडिंगमध्ये १० नव्हे, ९ मिळाले होते. जगात एकच प्रत असेल तर कोपऱ्यांचा हिशोब मागे पडतो. हजारोंनी छापलेल्या साध्या रुकी कार्डाला मात्र ९ आणि १० मधला फरक म्हणजे सगळं काही.

उलट बाजूही बघा. यांकीजचा जॅसन डोमिंगेझ. २०२० च्या बोमनमध्ये त्याचं पहिलं कार्ड आलं तेव्हा त्याने एकही व्यावसायिक सामना खेळलेला नव्हता, आणि लोक वेड्यासारखे पैसे मोजत होते. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये त्याने मोठ्या लीगमधल्या पहिल्याच फलंदाजीत नामांकित पिचर जस्टिन व्हरलँडरला होमरन ठोकला. त्याच महिन्यात कोपरावर शस्त्रक्रिया झाली. पोरात गुण आहेत, मला तो आवडतोही. पण त्या पहिल्या किमती विशीही न गाठलेल्या मुलाच्या कोपरावर लावलेल्या पैजा होत्या.

सही असलेली किंवा जर्सीचा तुकडा बसवलेली कार्डं घेताना बारीक मजकूर वाचाच. सही थेट कार्डावर आहे की चिकटवलेल्या पारदर्शक स्टिकरवर, यावर मोठा फरक पडतो. जर्सीच्या कित्येक कार्डांमागे लिहिलेलं असतं की हा तुकडा कोणत्याही ठराविक सामन्यातला वा हंगामातला नाही. अशी कार्डं मी घेणं बंद केलं. याच्या अगदी विरुद्ध टोकाला पिट्सबर्ग पायरेट्सचा पिचर पॉल स्कीन्सचं कार्ड. २०२३ पासून पदार्पण करणारा प्रत्येक खेळाडू बाहीवर एक खास पॅच लावून उतरतो आणि तोच पॅच नंतर एकमेव कार्डात बसवतात. स्कीन्सचा पॅच आणि सही असलेलं कार्ड लॉस एंजेलिस भागातल्या अकरा वर्षांच्या मुलाला पाकिटात सापडलं. पायरेट्स संघाने त्याबदल्यात तीस वर्षांची सीझन तिकिटं देऊ केली; मार्च २०२५ मध्ये लिलावात ते ११ लाख डॉलरच्या वर गेलं. त्या धाग्यांना एक तारीख आहे, त्याच्या पदार्पणाची, ११ मे २०२४. त्यामुळेच त्याला इतकी किंमत आली.

ग्रेडिंगबाबत माझा अनुभव संमिश्र. क्रोम कार्डं हवामानाने वाकतात, पृष्ठभागावर छपाईच्या बारीक रेघा असतात, आणि समोरून पाहताना डाव्या-उजव्या किंवा वरच्या-खालच्या कडांच्या रुंदीत ५५-४५ पेक्षा जास्त तफावत असेल तर १० विसरा. एका विक्रेत्याने ‘निर्दोष’ म्हणून पाठवलेल्या कार्डावर भिंगाखाली आडवी रेघ निघाली. परत घेतलं त्याने, पण दोन आठवडे गेले. आता मी आधी कडेचा, वरून उजेड पाडलेला फोटो मागतो. पीएसए या ग्रेडिंग कंपनीचा पॉप्युलेशन रिपोर्टही बघतो, म्हणजे त्या कार्डाला १० मिळालेल्या प्रती किती आहेत ते कळतं. कार्ड घरी आलं की प्लास्टिकची मऊ स्लीव्ह, मग टॉपलोडर, म्हणजे कडक प्लास्टिकचं कव्हर. यात आळस नको.

संग्राहकांसाठीच्या ‘हॉबी’ बॉक्समध्ये सही एक मिळतेच, पण कोणाची हे नशिबावर. त्याच पैशांत मी डॉजर्सचा पिचर योशिनोबू यामामोतोची रुकी रिफ्रॅक्टर जुलैत शांतपणे निवडून घेतली. ऑक्टोबरमध्ये वर्ल्ड सिरीजमध्ये त्याने टोरांटोविरुद्ध दुसरा सामना एकट्याने संपवला, सहावा जिंकला आणि दुसऱ्याच दिवशी, १ नोव्हेंबरला, सातव्यात पुन्हा उतरून तोही जिंकला. सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. त्या आठवड्यात त्याच्या कार्डांना जोरात मागणी होती. मी दोन विकली, एक ठेवलं. विकायची तर अशा वेळीच. हिवाळ्यात बाजार थंड असतो, तेव्हा घ्यावं.

आमच्या ओळखीच्या घरांत मात्र कुमार रॉकरचं कार्ड सगळ्यांना हवं असतं. टेक्सस रेंजर्सचा हा पिचर, आजोळ भारतीय; २०२४ च्या सप्टेंबरमध्ये पदार्पण, म्हणून २०२५ च्या कार्डांवर आरसीचा शिक्का. साधं कार्ड अगदी किरकोळ किमतीत मिळतं. मुलांना पहिलं कार्ड द्यायचं असेल तर मी हेच सुचवेन, आणि सोबत स्लीव्हचं एक पाकीट.