किल्की : ओहोटीची वेळ पाहून जायचं गाव

लिमरिकला राहायला आल्यापासून समुद्राची आठवण झाली की आम्ही किल्कीला जातो. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, क्लेअर परगण्यातलं हे छोटं गाव. कायमची वस्ती हजार-बाराशेची, उन्हाळ्यात मात्र पाय ठेवायला जागा नसते. गाडीने साधारण दीड तास लागतो. हिवाळ्यापासून सप्टेंबरपर्यंत वेगवेगळ्या दिवसांत राहून झालंय, त्यामुळे एक गोष्ट ठासून सांगते: किल्कीला निघताना हवामानाच्या आधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा.

याचं कारण पोलॉक होल्स. घोड्याच्या नालासारख्या खाडीच्या पश्चिम टोकाला डगर्नाचा कातळ आहे. भरतीत तो पाण्याखाली जातो. ओहोटी लागली की वर येतो आणि त्यात निसर्गानेच घडवलेली तीन मोठी कुंडं मोकळी होतात. प्रत्येक भरती पाणी बदलून जाते, म्हणून ते इतकं नितळ असतं. काठावर पालथं पडून आत नुसतं बघत राहावं. गुलाबी शेवाळाचा थर, कपारीला चिकटलेली गडद लाल समुद्रफुलं, आणि सावली पडताच मागे सरकणारी काचेसारखी पारदर्शक कोळंबी. माझ्या मुलीला तिथून उठवणं हे प्रत्येक वेळचं काम.

कोकणातल्या माणसाला उधाण (अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराची मोठी भरती-ओहोटी) आणि भांग (अष्टमीच्या सुमाराची लहान भरती-ओहोटी) शिकवावे लागत नाहीत, आणि इथे ते ज्ञान थेट कामाला येतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास किल्कीत पूर्ण ओहोटी दुपारी बाराच्या आगेमागे येते आणि पाणी खूप खाली जातं. भांगाच्या दिवसांत ती सकाळ-संध्याकाळवर जाते. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असल्याने संध्याकाळची ओहोटीही चालते, आणि तेव्हा गर्दी कमी असते. मी आता तिथी बघूनच सुट्टी टाकते. पाणी चढायला लागलं की मात्र रेंगाळू नका, परतीची वाट पाण्याखाली जाते. शेवाळावरून पाय सटकतो, पकड असलेले बूट हवेतच.

पाणी गार आहे, अगदी ऑगस्टमध्येही पंधरा-सोळा अंशांच्या आसपास. मुलांना वेटसूट घ्या. स्थानिक आज्या बारा महिने साध्या पोहण्याच्या कपड्यांत उतरतात आणि पाण्यात उभ्या राहून निवांत गप्पा मारतात. त्यांच्याकडे बघून आपलाही धीर वाढतो, हे खरं.

पुळण सुरेख आहे आणि कातळाच्या आडोशामुळे लाटा सौम्य असतात. कड्यांवरची पायवाट तर चुकवूच नये. लांबचा फेरा साधारण 8 किलोमीटरचा आहे. वारा जोरात असेल त्या दिवशी मुलांना घेऊन कडेला जाऊ नका. किनाऱ्याजवळ कागदी पुडीत उकडलेले पेरिविंकल, म्हणजे छोट्या समुद्री गोगलगायी, मिळतात. टाचणीने ओढून खायच्या. मला आवडल्या. डिलिस्क हे वाळवलेलं जांभळं समुद्री शेवाळ शाकाहारी मंडळींनी जरूर चघळून बघावं, खारट आणि चिवट असतं. बाकी शाकाहारी जेवणाची चैन नाही, डबा न्यावा.

लिमरिककरांचं या गावाशी नातं जुनं आहे. आधी लोक बोटीने जवळच्या किलरश गावापर्यंत येत, मग 1892 मध्ये वेस्ट क्लेअर रेल्वे आली. तिच्या खोळंब्यामुळे 1896 साली गायक पर्सी फ्रेंच इथल्या कार्यक्रमाला उशिरा पोहोचले. त्यांनी रेल्वेवर दावा लावला, तो जिंकला आणि वर तिच्यावर विनोदी गाणंही रचलं. रेल्वे 1961 मध्ये बंद झाली, गाणं अजून म्हणतात. लिमरिकचे अभिनेते रिचर्ड हॅरिस यांचा रॅकेट घेतलेला पुतळाही गावात आहे, 2006 मध्ये रसेल क्रो यांनी त्याचं अनावरण केलं.

तक्रार एकच, ऑगस्टची. भाडी अवाच्या सवा होतात. आम्ही घेतलेल्या घरात गरम पाणी धड नव्हतं, आणि मालकाने फोनही उचलला नाही. हिवाळ्यात उलटं, बरीच घरं बंद आणि खाण्याच्या जागाही मोजक्याच उघड्या. मला विचाराल तर सप्टेंबरचा पहिला पंधरवडा निवडा. शाळा सुरू झालेल्या असतात, समुद्र उन्हाळाभर तापून त्यातल्या त्यात उबदार असतो, आणि पार्किंग मिळतं. त्यातही पौर्णिमा गाठता आली तर दुपारची ओहोटी मिळेल. एक रात्र राहा, दुसऱ्या दिवशी लूप हेडच्या दीपगृहापर्यंत जाऊन या.