ड्रायर असलेली बिडे सीट: दिवाळी ते श्रावण वापरल्यानंतर

आईला संधिवात आहे. बोटं नीट वळत नाहीत, हात मागे जात नाही. भिंतीवरचा जेट धरून दाबणं तिला जमेनासं झालं, तेव्हा दिवाळीत कमोडवर विजेवर चालणारी बिडे सीट, म्हणजे बसल्या जागी पाण्याच्या धारेने धुऊन देणारी सीट, बसवून घेतली. धुण्याबद्दल तक्रार नाही. पाणी कोमट येतं, धार कमी-जास्त करता येते. पण धुतल्यानंतर कोरडं कसं व्हायचं, हे विकणारे धड सांगत नाहीत, म्हणून हे लिहितेय.

सीटमध्ये गरम हवेचा ड्रायर असतो. कल्पना जुनीच, १९८० साली जपानच्या टोटो कंपनीने वॉशलेट नावाची अशी सीट बाजारात आणली, तिच्यातही तो होता. आमची सीट दुसऱ्या कंपनीची आहे. ही हवा केस वाळवायच्या ड्रायरसारखी जोरदार नसते आणि नसावीच, कारण तिथली त्वचा नाजूक. त्यामुळे नुसत्या हवेवर वाळायला तीन-चार मिनिटं सहज जातात. थंडीत तेवढं पुरायचं. पावसाळा लागला आणि हवाच दमट झाल्यावर तेवढा वेळ बसूनही ओल राहू लागली. वरवरचं पाणी उडतं, घडीतलं तसंच राहतं.

म्हणून आता आधी कापडाने टिपायचं, मग हवा घ्यायची. थेंब निघून गेले की हवेचं काम अर्ध्या-एक मिनिटात होतं. टॉयलेट पेपर वापरून पाहिला, पण ओला झाला की त्याचा लगदा होतो आणि कण चिकटून राहतात. जुन्या सुती धोतराचे हातरुमालाएवढे तुकडे कापून कडा शिवून घेतल्या. इतकं मऊ नवं कापड मिळत नाही. घासायचं अजिबात नाही, नुसतं दाबून टिपायचं. बायकांनी पुढून मागेच टिपावं, म्हणजे लघवीच्या जागी जंतुसंसर्गाचा धोका कमी. एक तुकडा एकदाच वापरायचा. मग झाकणाच्या बादलीत टाकून, रोजच्या कपड्यांपासून वेगळा, गरम पाण्यात धुवायचा. उन्हात वाळवलेला सर्वांत चांगला. पावसात मी इस्त्री फिरवते.

आईचा हात पोचत नाही, त्यावर लांब दांड्याचा चिमटा मिळाला. रुग्णसाहित्याच्या दुकानात मिळतो, टोकाला कापड किंवा कागद पकडतो. आता ती कुणाला हाक न मारता सगळं स्वतः उरकून बाहेर येते. माझ्या मते सीटइतकंच मोल या चिमट्याचं आहे.

कोरडेपणावर एवढा भर अशासाठी, की ओल राहिली की जांघेत खाज सुटते, नायटा धरतो. मधुमेह असेल तर जास्तच. आईला मधुमेहही आहे. खाज सुटलीच तर दुकानातून स्टिरॉइड मिसळलेलं मलम स्वतःच आणून लावू नका. नायटा दबल्यासारखा वाटतो आणि पसरतो. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

घेणार असाल तर बाथरूममधल्या सॉकेटला अर्थिंग आहे ना, ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा लगेच तोडणारा स्विच) बसवा. बोअरचं पाणी असेल तर क्षार नळीत धरतो, फिल्टर हवाच. आणि जुना जेट काढू नका. वीज गेली की कोमट पाणीही नाही आणि हवाही नाही. तेव्हा जेट आणि धोतराचे तुकडे यांवरच भागवावं लागतं.