मूत्रवाहिनी ओळखण्यासाठी इंडोसायनिन ग्रीन की मिथिलीन ब्लू?

शस्त्रक्रियेत मूत्रवाहिनीला (मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे लघवी नेणाऱ्या नळीला) इजा होऊ नये म्हणून ती उजळून दिसावी, यासाठी इंडोसायनिन ग्रीन हे विशिष्ट प्रकाशात चमकणारे रंगद्रव्य शिरेतून देऊन भागत नाही; ते रक्तातील प्रथिनांना चिकटते, यकृतावाटे पित्तात जाते आणि लघवीत उतरतच नाही, त्यामुळे बारीक नळी घालून ते थेट मूत्रवाहिनीत सोडावे लागते. मिथिलीन ब्लू हे असेच दुसरे रंगद्रव्य मूत्रपिंडांवाटे बाहेर पडत असल्याने शिरेतून दिलेले पुरते. मात्र त्याची ७०० नॅनोमीटरच्या आसपासच्या तरंगलांबीची चमक मंद असते आणि चरबीआडची मूत्रवाहिनी नेमकी तिथेच हुकते. इंडोसायनिनची सुमारे ८३० नॅनोमीटरची चमक अधिक खोलवरून दिसते, तरी सेंटीमीटरभरापलीकडे तिचाही भरवसा नाही. मिथिलीन ब्लू दिल्यावर बोटावरचा ऑक्सिमीटर काही काळ खोटाच कमी आकडा दाखवतो. जी-६-पीडी या तांबड्या रक्तपेशींना जपणाऱ्या विकराची (एन्झाइमची) कमतरता असलेल्या रुग्णाला तर ते देऊच नये. म्हणून नळीचा खटाटोप पत्करूनही इंडोसायनिनच मला अधिक विश्वासार्ह वाटते.